दोन मिनिटांचं काम

बटाट्याच्या सुट्टीचा पहिला सोमवार उजाडला आणि सेंट-ओडीलमधली दीडशे लहान पोरं दप्तरं पाठीला लावून आपापल्या रस्त्याच्या तोंडाशी बसची वाट बघत उभी राहिली. बस आली नाही. एकाही रस्त्यावर आली नाही.

आता ही चूक आमच्या खोऱ्याबाहेरच्या माणसानेच करावी. सप्टेंबरअखेर बटाटे काढायला लागले की आमच्याकडे शाळेला तीन आठवडे सुट्टी असते खरी, पण ती हायस्कुलातल्या थोराड पोरांना. ती शेतावर जातात, चार पैसे कमावतात. लहानांची शाळा चालूच असते. सहा वर्षांचं पोर शेतात नेऊन ते काय बटाटे काढणार, नाक पुसता येत नाही त्याला! हे इथे कुणी कुणाला सांगत नाही, जन्मतःच ठाऊक असतं. पण बसचे मार्ग आता आखले जात होते दीड हजार मैलांवर, मिसुरी राज्यात, कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या कुठल्याशा काचेच्या इमारतीत. तिथे कुणीतरी संगणकात ‘सुट्टी’ असं भरलं आणि संगणकानं इमानेइतबारे सगळ्या गाड्या बंद ठेवल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

सात वाजून दहा मिनिटांनी लोरेट डेगलच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला. तव्यावर प्लोय, म्हणजे आमच्याकडचे घावन, होते आणि नवरा कॉन्राड टेबलाशी बसून चौथ्याची वाट बघत होता.

“मातांत लोरेट, झोपमोड तर नाही ना केली?” शाळांचा सुपरिटेंडेंट कीथ ऊलेट बोलत होता. मातांत म्हणजे मावशी, आत्या, काकू, जी म्हणाल ती. कीथचं काम अडलं की लोरेट मातांत व्हायची. काम नसलं की मिसेस डेगल.

“चोवीस वर्षं साडेचारला उठतेय मी, कीथ. आता कुठली झोप. बोल.”

“अगं, बस आल्याच नाहीत. एकही नाही. ऑफिसात सगळ्या आया माझ्या नावानं शंख करतायत. तू जरा बघतेस का? दोन मिनिटांचं काम आहे.”

“मिसुरीला विचार ना.”

“तिथे आत्ता सहा वाजलेत. कुणी उचलत नाही.”

लोरेटनं तवा उतरवला. खरं तर फोन ठेवायचा होता. पण दीडशे पोरं थंडीत उभी आहेत म्हटल्यावर तिचा हात काही तो फोन ठेवीना. कंपनीनं ड्रायव्हरांना तीन आठवडे रजा सांगितली होती, आणि ते काय घरी बसणार होते? चौघं केव्हाच बटाट्याचे ट्रक हाकायला गेले होते. उरले तीन. सात मार्ग तीन गाड्यांत बसवायचे, कुणाला आधी घ्यायचं, कुणाला चर्चच्या दारात थांबवायचं, कुठल्या आजीला फोन करून पोर आत घ्यायला सांगायचं. कागद नाही, नकाशा नाही, सगळं तोंडपाठ. नऊला पाच कमी असताना शेवटचं पोर वर्गात बसलं. दोन मिनिटांच्या कामाला पावणेदोन तास लागले.

“तू नसतीस तर काय झालं असतं गं!” असं म्हणून कीथनं फोन ठेवला.

“काय देतो म्हणाला?” कॉन्राडनं विचारलं.

“आभार.”

“मग बरं झालं. प्लोय गार झालेत, आभारच परतून वाढ.”

कॉन्राडला असं बोलायची पहिल्यापासून सवय. हसला, आणि मग खोकला आला. तो थांबेपर्यंत लोरेट पाठमोरी उभी राहिली, कारण खोकताना कुणी बघितलेलं त्याला आवडत नसे.

तीस वर्षं त्यानं बटाट्याच्या कोठारात काढली होती. तिथली धूळ छातीत बसली होती आणि छाती आता आतून कडक होत चालली होती. त्यावर गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी माणूस बरा होत नाही, फक्त वाईट व्हायचं लांबतं. पण लांबतं, हे काय कमी आहे? विम्याशिवाय त्या गोळ्यांचं नाव काढायची सोय नव्हती, आणि विमा होता लोरेटच्या नोकरीवर.

ती नोकरी कशी गेली तेही सांगतो. चोवीस वर्षं ती शाळांच्या ऑफिसात बसचे मार्ग आखत होती. मग शाळामंडळानं ते सगळं काम कंत्राटानं कंपनीला देऊन टाकलं. कंपनीनं लोरेटला ठेवून घेतलं. तेच टेबल, तीच खुर्ची, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी तेवढी नवीन. वर्षभरानं जूनमध्ये सांगितलं, हे टेबल आता मिसुरीला हलवतोय. टेबलाबरोबर तुम्हीही चला असं काही कुणी म्हणालं नाही. विमा दीड वर्ष पुढे चालवता येतो, तोही पदरमोड करून. म्हणजे येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या डिसेंबरपर्यंत. कॉन्राड एकसष्ट वर्षांचा. सरकारी विमा पासष्टीला. मधल्या वर्षांचं काय, हा एकच प्रश्न त्या घरात सकाळी उठल्यापासून असायचा आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

त्या शनिवारी चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं. कीथ आपली थाळी घेऊन मुद्दाम लोरेटशेजारी येऊन बसला. तोंडभर हसत होता.

लोरेट म्हणाली, “कीथ, एक विचारू? सोमवारपासून रोज फोन येतोय. मी करते, माझं काही म्हणणं नाही. पण तासावर काहीतरी धरा ना. फार नको.”

कीथनं चमचा खाली ठेवला. “मातांत, माझ्या हातात असतं तर कालच केलं असतं. पण कंत्राटात लिहिलंय, मार्ग आखायचे कंपनीनं. तुला पैसे दिले की मला कबूल करावं लागेल, कंपनीला जमत नाहीये.”

“जमत नाहीच आहे.”

“ते तुला-मला माहीत आहे.”

“मग कंपनीनं द्यावेत.”

“त्यांच्या मते त्यांना जमतंय.”

झालं! म्हणजे काम होत होतं, करणारी होती, फक्त कागदावर ती कुठेच नव्हती. लोरेटला राग आला आणि ती उठायला लागली, तेव्हा कीथ तिच्या कानाशी वाकला.

“ऐक. कंत्राट जूनपर्यंतच आहे. मार्चमध्ये मंडळ ठरवणार, पुढे द्यायचं की नाही. कंपनीनं माती खाल्ली तर काम परत आपल्याकडे येणार. आणि आपल्याकडे आलं तर तुझ्याशिवाय आहे कोण?”

“विम्यासकट?”

“सगळ्यासकट.”

तर हे होतं. जुलैपासून विमा परत. लोरेटनं ते वाक्य घरी आणलं आणि कॉन्राडला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. पण त्या दिवशी त्यानं दोनदा वाढून घेतलं, ते तिनं बघितलं.

पण बघा, गोम कुठे होती. कंपनीनं माती खायला हवी. आणि कंपनी माती खायला निघाली की फोन लोरेटलाच यायचा.

नोव्हेंबरपासून कीथ मधून बाजूला झाला आणि मिसुरीहून थेट फोन सुरू झाले. ब्रियाना नावाची पोरगी होती, चोविशीतली. तिच्याकडे सहा राज्यांतल्या अकरा गावांच्या गाड्या. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं की तुम्हाला फोन करते हे माझ्या साहेबाला ठाऊक नाही, पण याआधीची मुलगी दोन तक्रारींवर गेली, आणि माझं बाळ सात महिन्यांचं आहे.

“मिसेस डेगल, गान्योंच्या पुलावरून गाडी नेऊ ना? नकाशात पूल दिसतोय.”

“पूल आहे गं. भार नाही पेलत. मोठी बस नको, छोटी ने. आणि बुधवारी सॉसिएंचे दोघं भाऊ आईकडे नाही उतरायचे, आजीकडे. आईबापाचं वेगळं झालंय. बाप दारात येऊन उभा राहतो.”

“थांबा हं, लिहून घेते.”

“लिही. आणि पोरी, बर्फ पडला की सरकारी रस्ते आधी साफ होतात, गावातले नंतर. पहिली बस पाऊण तास उशिरा सोड. दहा मिनिटं नव्हे, पाऊण तास.”

असे पाच-पाच, सहा-सहा फोन. लोरेट वैतागायची, तोंडानं बडबडायची, आणि सांगायची. खोटं कशाला बोला, सांगताना तिला बरंही वाटायचं. कुणाला तरी आपल्या डोक्यातलं हवं आहे, यासारखं सुख नाही. फोन ठेवला की मग जळफळाट.

“घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतेस तू,” आर्मंड थेरियो म्हणायचा. नऊ नंबरची बस चालवणारा मुरलेला ड्रायव्हर, कॉन्राडचा दोस्त. रोज दुपारी कॉफीला येऊन बसायचा. “एकदा, फक्त एकदा उचलू नकोस फोन. पडू दे त्यांना तोंडावर. मार्चला मंडळापुढे सांगायला काहीतरी नको का?”

“गाडीत पोरं असतात, आर्मंड.”

“अगं, पोरांना काय होतंय! उशीर होईल शाळेला. पोरं तर खूष होतील.”

 कॉन्राडचा श्वास आता जिना चढून आल्यावर पाच-पाच मिनिटं खाली बसत नसे, आणि ते सगळ्यांना ऐकू यायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस वादळ झालं. तिसऱ्या दिवशी आकाश निवळलं आणि थंडी अशी पडली की दाराची कडी हाताला चिकटावी. शाळा उघडणार होती. आर्मंड तापानं आजारी, त्यामुळे नऊ नंबरवर कंपनीनं शंभर मैलांवरून बदली ड्रायव्हर आणला होता.

पाच वाजता फोन वाजला. नंबर मिसुरीचा.

लोरेटनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. कॉन्राड गाऊन गुंडाळून खाली आला तेव्हा तिसऱ्यांदा वाजत होता.

“उचलत का नाहीस?”

“आज नाही उचलत.”

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. चौतीस वर्षांचा संसार, सांगायची गरज पडली नाही. तो टेबलाशी बसला आणि फोन वाजून वाजून गप्प झाला. नंतर तो वाजला नाही.

काय विचारायचं असेल, ते लोरेटला पक्कं माहीत होतं. आदल्या दिवशी मोठ्या रस्त्यावर बटाट्याचा ट्रक आडवा झाला होता, रस्ता बंद होता. संगणक दुसरी वाट शोधणार, आणि दुसरी वाट नकाशात एकच दिसते, बोलिएचा मागचा रस्ता. तो रस्ता म्हणजे उन्हाळ्यापुरताच. बर्फ काढणारी गाडी सीरच्या गोठ्यापर्यंत जाते आणि तिथून वळते. पुढे तीन मैल ना घर, ना दिवा, ना फोन लागत. तोंडाशी बर्फ कमी असतो, नवख्याला वाटतं जाईल गाडी. अर्धा मैल जाते, आणि मग ना पुढे, ना मागे.

सहा वाजून पाच मिनिटांनी नऊ नंबर निघाली असेल. लोरेट घड्याळाकडे बघत बसली. आता मिशोंची दोघं चढली. आता डुबेंची जुळी. आता सीरची धाकटी, जी हातमोजे कधी घालत नाही, खिशात कोंबून ठेवते. अकरा पोरं. बदली ड्रायव्हर. बाहेर शून्याच्या खाली अठ्ठावीस.

कुणी मरणार नाही, ती मनाशी म्हणाली. इंजिन चालू असेल, गाडीत ऊब असेल. तासाभरात शोधतील. वर्तमानपत्रात येईल. मार्चमध्ये मंडळाला तोंड उघडता येणार नाही. कॉन्राडच्या गोळ्या चालू राहतील. एवढं सगळं एका न उचललेल्या फोनमुळे. आणि इंजिन बंद पडलं तर? डिझेल गोठलं तर? गोठतं. या थंडीत कितीदा गोठलंय.

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते.

“माझ्यासाठी करतेस?” कॉन्राडनं विचारलं.

तिची नजर घड्याळावरच होती.

“लोरेट, माझ्या छातीपायी दुसऱ्यांची पोरं गोठवू नकोस गं बाई. मला त्या गोळ्या गिळवणार नाहीत मग.”

“आणि नाही गिळल्यास तर?” ती एकदम ओरडली. “तर काय, कॉन्राड? मी एकटीनं काय करायचं या घरात? सांग ना! सगळ्यांची पोरं मी सांभाळायची, आणि माझं कोण बघणार आहे?”

  तो टेबलाला धरून श्वास घेत राहिला.

सहा एकतीसला लोरेटनं बसच्या गॅरेजला फोन लावला. “नऊ नंबरला रेडिओवर सांग, सीरच्या गोठ्याशी थांब. पुढे जाऊ नकोस. थांब म्हणावं आत्ताच्या आत्ता. गोठ्यात वळायला जागा आहे, वळ आणि चर्चवरून ये.”

दोन मिनिटं नुसती खरखर. मग गॅरेजवाला म्हणाला, “थांबलाय. पुढची चाकं बर्फात होती म्हणतो, पण निघाली. तुला कसं कळलं गं?”

लोरेटनं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. पोरं वाचली म्हणून रडली का स्वतःचीच लाज वाटून रडली, का संधी गेली म्हणून, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. तिन्ही होतं. त्या दिवशी पोरं शाळेत बारा मिनिटं उशिरा पोचली. वर्तमानपत्रात काही आलं नाही.

त्यानंतर लोरेटनं एकही फोन चुकवला नाही. पहिल्या घंटीला उचलायची.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात मंडळाची सभा भरली. पाच सभासद, समोर लोखंडी खुर्च्या. लोरेट ठेवणीतला निळा कोट घालून गेली. कॉन्राडला आणलं नव्हतं. आर्मंड सोबतीला होता.

कंपनीचा माणूस आला होता, टाय लावलेला, मऊ बोलणारा. त्यानं भिंतीवर सेंट-ओडीलचा नकाशा पाडला. नकाशावर पिवळे ठिपके होते, दोनशेच्या वर.

“आमची यंत्रणा शिकत जाते,” तो म्हणाला. “सुरुवातीला एक दिवस गडबड झाली, मान्य आहे. त्यानंतर या हिवाळ्यात एकही पोर रस्त्यावर राहिलं नाही. एकही अपघात नाही. आता ही माहिती कायमची आत आहे. कुणी माणूस असो वा नसो.”

त्यानं एका ठिपक्यावर बोट ठेवलं, अक्षरं उघडली. ‘बोलिएचा मागचा रस्ता हिवाळ्यात नको. सीरच्या गोठ्याशी वळा.’ दुसरा ठिपका. ‘गान्यों पूल, छोटी बस.’ तिसरा. ‘बुधवारी सॉसिए आजीकडे.’ एका ठिकाणी तर ‘आणि पोरी’ एवढंसुद्धा तसंच राहिलं होतं. लोकांना हसू आलं. लोरेट आपलंच बोलणं भिंतीवर वाचत बसली होती.

“ऊठ,” आर्मंड दातांत म्हणाला. “बोल आता.”

गावकऱ्यांना बोलायला तीन-तीन मिनिटं असतात. लोरेट उठली आणि माइकशी गेली.

“हे सगळं मी सांगितलेलं आहे,” ती म्हणाली.

“अर्थातच!” टायवाला म्हणाला. “स्थानिक मंडळींच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं.” आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कीथनं तर उभं राहून वाजवल्या.

लोरेट टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग तिनं असं काहीतरी केलं, जे आमच्या गावात कुणी करत नाही. घरातलं चारचौघांत सांगितलं.

“मला टाळ्या नकोत. मला माझी नोकरी परत पाहिजे. कॉन्राडचा विमा डिसेंबरात संपतोय. त्याच्या गोळ्या बंद होतील. तुम्ही सगळे त्याला ओळखता.”

 कीथ आपल्या बुटांकडे बघत होता. मंडळाचा अध्यक्ष फर्नांड पेल्टिए, साठी उलटलेला, कॉन्राडबरोबर शाळेत गेलेला माणूस. वाईट नव्हे. त्यानं चष्मा काढला.

“लोरेट, आम्हाला फार वाईट वाटतं गं. देवाशपथ. पण आम्हाला लोकांना उत्तर द्यावं लागतं. गाड्या तर नीट चालल्यायत ना? तूच सांग, कुठे बिघडलं? एक तरी दाखव, मी आत्ता कंत्राट थांबवतो.”

“जानेवारीत नऊ नंबर बोलिएच्या रस्त्याला लागत होती. अकरा पोरं होती.”

“लागली?”

“नाही.”

“का नाही लागली?”

लोरेटनं तोंड उघडलं. सगळं गाव बघत होतं. मिशोंची सून दुसऱ्या रांगेत होती, डुबें होते, सीर नवराबायको होते. मी तासभर फोन उचलला नाही, हे सांगायचं होतं का यांना? सांगितलं तर यांच्यातलं कोण पुन्हा तिच्याकडे बघणार होतं?

“मी फोन केला,” ती म्हणाली.

“मग बघ,” फर्नांड म्हणाला, आणि त्यानं खरोखरच दुःखानं हात पसरले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं. पाचांपैकी पाच हात वर गेले. कंत्राट पाच वर्षांसाठी वाढलं. बाहेर गाडीपाशी कीथ धावत आला.

“मिसेस डेगल, तुमच्याबद्दल एक पत्र देईन मी. चांगलं पत्र. कुठेही अर्ज करा.”

“कुठे करू, कीथ?” तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. या खोऱ्यात बसचे मार्ग आखायची नोकरी एकच होती.  आर्मंडनं गाडी सुरू केली.

दोन दिवसांनी ब्रियानाचा फोन आला, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. रडत होती. “मिसेस डेगल, मला काढलं. तुमच्याकडची माहिती आता भरून झाली, एवढ्या माणसांची गरज नाही म्हणाले. मला वाटलं होतं, एवढं नीट केलं तर ठेवतील.”

“हो गं पोरी,” लोरेट म्हणाली. “मलाही तसंच वाटलं होतं.”

“बाळाला घेऊन आईकडे जाते. तुमची माफी मागायची होती.”

“तू काय करणार होतीस. जा. सांभाळून जा.”

त्यानंतर फोन बंद झाला. कुणाला काही विचारायचं नव्हतं. एप्रिलमध्ये पुन्हा एकदा सणसणीत बर्फ पडला, आमच्याकडे पडतोच. लोरेट साडेचारला उठून टेबलाशी बसली. फोन समोर होता. पाच वाजले, सहा वाजले. आजच्या दिवशी पहिली बस पाऊण तास उशिरा सोडायला हवी, तिच्या मनात आलं, आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सात वाजायला आले तेव्हा वळणावर दिवे दिसले. बस बरोबर पाऊण तास उशिरा आली. उताराशी हळू झाली, चर्चच्या बाजूला वळली आणि गेली. कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही. लोरेटला इतकं वाईट वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. गाडीत पोरं होती आणि ती मनातून म्हणत होती, चूक, एकदा तरी चूक.

कॉन्राड जिना उतरून आला. हल्ली तो मध्येच पायरीवर बसायचा, आजही बसला. मग आला आणि तिच्या बाजूला उभं राहून बाहेर बघितलं.

“गेली का?”

“गेली.”

“वेळेवर?”

“अगदी वेळेवर.”

त्यानं खुर्ची ओढली, बसला, श्वास खाली येऊ दिला. शुक्रवारी त्याला डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं.

“लोरेट,” तो म्हणाला, “शुक्रवारी त्यांना विचारून घेऊ. त्या गोळ्या डिसेंबरात एकदम सोडायच्या असतात का, की आतापासून कमी करत आणायच्या?”